आरसा गेला, अंतर बदललं: मिररलेस कॅमेरा आणि लेन्सच्या जोडणीचा प्रश्न



मागच्या व्याख्यानानंतर खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती, तेव्हा एक तरुण आमच्याजवळ येऊन थांबला. लग्नाचे फोटो काढतो. खर्डा, जामखेड, भूम, पाटोदा एवढ्या टापूत त्याची कामं असतात. म्हणाला, "सर, एक विचारू का? माझ्याकडे चार लेन्स आहेत. दुकानदार म्हणतो, आता सगळं मिररलेस झालं, या विकून टाक, वर्षभराने कोणी हातात धरणार नाही. काय करू?" आम्ही म्हटलं, "अरे, आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, कॅमेऱ्याचं दुकान नाही चालवलं." त्यावर तो म्हणाला, "म्हणूनच तुम्हाला विचारतोय. तुम्हाला काही विकायचं नाही ना."

या उत्तरापुढे आम्हाला गप्प बसावं लागलं. कॅमेऱ्याचा नाद आम्हाला कॉलेजच्या दिवसांपासून आहे, त्यामुळे विषय अगदीच परका नव्हता. थोडं वाचलं, थोडं जुळवलं, आणि आज ते तुमच्यासमोर मांडतो आहोत. तो तरुणही समोर बसलाय. नाव घेत नाही, उगाच लाजायचा.

कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते. मग यंत्राची का होऊ नये? यंत्र बनवणाऱ्यानेही काही निवडलेलं असतं आणि त्यासाठी काही सोडून दिलेलं असतं. समीक्षकाचं काम एवढंच, की काय मिळालं आणि काय गेलं हे दोन्ही रकाने एकाच कागदावर मांडायचे. जाहिरात पहिलाच रकाना छापते.

आरसा कशासाठी होता?

आधी मूळ रचना समजून घेऊ. जुना एसएलआर कॅमेरा, आणि पुढे त्याचा डिजिटल अवतार डीएसएलआर, यांच्या पोटात पंचेचाळीस अंशात तिरपा बसवलेला आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर पडतो, वर जातो, प्रिझममधून वळतो आणि आपल्या डोळ्यात येतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं आणि प्रकाश मागच्या फिल्मवर किंवा सेन्सरवर पडतो. तो 'खटॅक' आवाज आरशाचा.

यात एक गंमत आहे. लग्नात मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो, वधूवर एकमेकांकडे बघतात. सगळ्या मांडवाला तो क्षण दिसतो. फक्त फोटोग्राफरला दिसत नाही. कारण नेमक्या त्याच क्षणी त्याच्या कॅमेऱ्यातला आरसा वर गेलेला असतो आणि त्याच्या डोळ्यासमोर अंधार असतो. म्हणजे इकडे अंतरपाट निघतो आणि तिकडे आरशाचा अंतरपाट धरला जातो. पन्नास-साठ वर्षं जगातल्या सगळ्या चांगल्या फोटोग्राफरांनी हे चालवून घेतलं, कारण दुसरा उपाय नव्हता.

आता आरसा हलायचा म्हटलं की त्याला जागा पाहिजे. म्हणून लेन्स जिथे बसते ती धातूची कडी, जिला आपण माऊंट म्हणतो, ती सेन्सरपासून बरीच पुढे ठेवावी लागते. या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. निकॉनचं एफ माऊंट १९५९ सालचं, त्याचं अंतर ४६.५ मिलिमीटर. कॅननचं ईएफ माऊंट १९८७ सालचं, ४४ मिलिमीटर. पेंटॅक्सचं के माऊंट १९७५ सालचं, ४५.४६. कंपन्या वेगळ्या, पण आकडे आसपासचेच, कारण आरसा सगळ्यांचा सारखाच.

आरसा काढला तर? मग एवढ्या रिकाम्या खोलीची गरजच उरत नाही. सोनीच्या ई माऊंटचं अंतर १८ मिलिमीटर, सन २०१०. फुजीफिल्मच्या एक्स माऊंटचं १७.७, सन २०१२. निकॉन झेडचं १६ आणि कॅनन आरएफचं २०, ही दोन्ही २०१८ सालची. डोळ्याला दिसतं ते आता लेन्समधून सरळ येत नाही. सेन्सर ते बघतो आणि छोट्या पडद्यावर आपल्याला दाखवतो.

आपण आज बोलतोय ते सगळं या वीस-तीस मिलिमीटरांबद्दल. अंगठ्याच्या रुंदीइतकं अंतर. पण तेवढ्यात आपल्या मित्राची चार लगीनसराईंची कमाई अडकलेली आहे.

दोन रकाने

पहिला रकाना, काय मिळालं. फोटो काढण्याआधीच तो किती उजळ किंवा काळा येणार ते पडद्यावर दिसतं. फोकसची मोजणी थेट सेन्सरवरच होते. डीएसएलआरमध्ये फोकससाठी वेगळा सेन्सर कॅमेऱ्याच्या तळाशी असायचा. त्याच्यापर्यंतचं अंतर आणि मुख्य सेन्सरपर्यंतचं अंतर यात किंचित फरक पडला की नवरीच्या डोळ्याऐवजी कानातल्या झुब्यावर फोकस यायचा. ती भानगड मिटली. कॅमेरा आता डोळा ओळखतो आणि त्याचा पिच्छा करतो. नवख्या माणसाच्या हातूनही चांगले फोटो निघू लागले याचं मोठं कारण हे आहे. आम्ही ते नाकारत नाही.

दुसरा रकाना. निकॉनचीच दोन यंत्रं घेऊ, एकाच कुळातली. डी८५० हा आरशाचा आणि झेड७ हा बिनआरशाचा. प्रमाणित चाचणीत एका बॅटरीवर डी८५० सुमारे १,८४० फोटो काढतो आणि झेड७ सुमारे ३३०. बॅटरी जवळपास तीच, एकाच मालिकेतली. फरक येतो कुठून? आरशाच्या कॅमेऱ्यात डोळ्याला दिसणाऱ्या चित्राला वीज लागत नाही, ते निसर्गाचं फुकट चित्र आहे. मिररलेसमध्ये सेन्सर आणि पडदा दोन्ही सतत जागे. प्रत्यक्ष कामात दोन्ही आकडे वाढतात, पण साडेपाच पटींचं अंतर हे अंतरच आहे. ज्या गावात हळदीच्या संध्याकाळी वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, तिथे हा रकाना ठळक अक्षरात लिहायला हवा.

दुसरं, धूळ. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्स काढली तरी सेन्सरपुढे आरसा आणि शटर असे दोन पडदे असत. मिररलेसमध्ये बहुतेक वेळा लेन्स काढली की सेन्सर उघडा. काही कंपन्यांनी यावर उपाय केला. कॅननच्या ईओएस आरमध्ये कॅमेरा बंद केला की शटर आपोआप मिटतं. पण एप्रिल-मे महिन्यातली आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीत आहे. वरातीत उभ्या उभ्या लेन्स बदलणं हे आता धाडसाचं काम झालंय.

तिसरं, दिवे. मांडवात आता सगळीकडे एलईडी. ते आपल्या डोळ्याला स्थिर दिसतात, पण त्यातले बरेच दर सेकंदाला कितीतरी वेळा लुकलुकत असतात. मिररलेस कॅमेरा आवाज न करता इलेक्ट्रॉनिक शटरने फोटो काढतो तेव्हा सेन्सर एकेक ओळ वाचत खाली जातो. दिव्याची लुकलुक आणि हे वाचन यांची गाठ पडली की फोटोवर काळे आडवे पट्टे. यावरही उपाय निघाला. सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ए९ थ्री या कॅमेऱ्यात सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो. पण त्यासाठी काय सोडलं? सामान्य कॅमेऱ्याची सुरुवातीची संवेदनशीलता १०० असते, याची २५० पासून सुरू होते. म्हणजे त्या सर्वांत खालच्या पायरीवरचं निर्मळ चित्र गेलं. प्रत्येक उपायाला स्वतःचा दुसरा रकाना असतो, हे लक्षात ठेवा.

'लहान आणि हलका' या दाव्याबद्दल

जाहिरातीतला सर्वांत मोठा शब्द 'हलका'. डी८५० बॅटरीसह १,००५ ग्रॅम, झेड७ ६७५ ग्रॅम. ३३० ग्रॅम वाचले, खरं आहे. पण आपल्या मित्राने जुन्या लेन्स ठेवल्या तर मध्ये अ‍ॅडॉप्टर आलं, त्याचे १३५ ग्रॅम. उरली १९५ ग्रॅमची बचत. त्यात जादा बॅटऱ्यांचं वजन खिशात.

आणि लेन्सचं काय? आरसा गेला म्हणून लेन्स लहान होतात का? रुंद दृश्याच्या लेन्समध्ये काही प्रमाणात होतात. २० मिलिमीटरची लेन्स आरशाच्या कॅमेऱ्यावर बसवायची तर तिची मागची काच आरशाला लागू नये म्हणून एक उलटी युक्ती करावी लागे. पुढे मोठी पसरवणारी काच, मागे गोळा करणारी. फ्रान्समधल्या अँजेनिओ कंपनीने १९५० मध्ये या पद्धतीची लेन्स आणली. आरसा गेल्यावर ही सक्ती ढिली झाली. पूर्ण सुटली मात्र नाही, कारण फार तिरपा येणारा प्रकाश सेन्सरला फिल्मइतका मानवत नाही.

पण लांबच्या लेन्सचं गणित आरशावर अवलंबूनच नव्हतं. ४०० मिलिमीटरची एफ २.८ लेन्स घ्या. ४०० भागिले २.८, म्हणजे प्रकाश आत घेणारं तोंड सुमारे १४३ मिलिमीटर रुंद हवंच. मागे आरसा असो की नसो. २०० मिलिमीटरच्या एफ २.८ ला ७१ मिलिमीटर हवेत. हे भूमितीने ठरवलंय, कुठल्या कंपनीने नाही. लग्नाच्या फोटोग्राफरच्या पिशवीत सर्वांत जड असते ती हीच लेन्स.

दुसरा दावा माऊंटच्या तोंडाच्या रुंदीचा. निकॉन झेडचं तोंड ५५ मिलिमीटर, कॅनन आरएफचं ५४, सोनी ईचं ४६.१. सांगितलं जातं की तोंड रुंद म्हणून लेन्सकाराला मोकळीक जास्त. तत्त्वतः बरोबर आहे. किल्ल्याचा दरवाजा रुंद असला की हत्ती आत येतो, हे खर्ड्याच्या माणसाला सांगायला नको. पण प्रत्यक्षात काय घडलं ते बघा. तिघांनीही ५० मिलिमीटर एफ १.२ अशी लेन्स बनवली. निकॉनची १,०९० ग्रॅम, कॅननची ९५० ग्रॅम, सोनीची ७७८ ग्रॅम. ज्याचा दरवाजा सर्वांत अरुंद, त्याचाच हत्ती सर्वांत हलका! याचा अर्थ रुंद तोंड निरुपयोगी असा नाही. प्रत्येकाने आपापली ध्येयं वेगळी ठेवली असणार. अर्थ एवढाच, की माऊंटचा आकडा बघून लेन्सचा निकाल लावता येत नाही. शक्यता आणि वस्तुस्थिती यांत गल्लत करू नये, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तर्कशास्त्रात सांगत असू. जाहिरातवाल्यांनी तो तास बुडवलेला दिसतो.

एकेरी रस्ता

आता मूळ प्रश्न, जुन्या लेन्सचं काय?

इथे गणित आपल्या मित्राच्या बाजूने आहे. निकॉनच्या जुन्या लेन्सला ४६.५ मिलिमीटर अंतर हवं. नव्या बॉडीवर १६ मिळतं. मध्ये ३०.५ मिलिमीटरची पोकळ नळी बसवली की हिशेब जुळला. कॅननला ४४ वजा २०, म्हणजे २४ मिलिमीटरची नळी. त्यात काच नाही, त्यामुळे चित्र बिघडायचं कारण नाही. जुनं नव्यावर बसतं.

उलट मात्र होत नाही. १६ मिलिमीटरवर चित्र बनवणारी लेन्स ४६ मिलिमीटर लांब ठेवली तर ती लांबचं काही दाखवूच शकत नाही. मध्ये जादा काच घालून जुळवाजुळव करता येते, पण ती तडजोड असते. म्हणजे हा एकेरी रस्ता आहे. जुनी लेन्स पुढे जाऊ शकते, नवी मागे येऊ शकत नाही. म्हणून ज्याने एकदा नव्या माऊंटच्या लेन्स घेतल्या, त्याची जुनी बॉडी त्या लेन्ससाठी कायमची निरुपयोगी झाली.

दोन्ही बाजू मिररलेस असल्या म्हणजे प्रश्न सुटतो असंही नाही. कॅननने २०१२ मध्ये ईएफ-एम नावाचं माऊंट काढलं, अंतर १८. मग २०१८ मध्ये आरएफ, अंतर २०. ईएफ-एमची लेन्स आरएफवर बसवायची तर उणे दोन मिलिमीटरची नळी लागेल! आरएफची लेन्स ईएफ-एमवर बसवायची तर मध्ये जागा दोनच मिलिमीटर, त्यात कडी आणि विजेचे संपर्क मावत नाहीत. ईएफ-एमचा व्यवहार २०२३ मध्ये संपला. ज्यांनी त्या लेन्स घेतल्या होत्या त्यांचा रस्ता तिथेच संपला. एकाच घरातले दोन भाऊ, पण एकाचा सदरा दुसऱ्याला होत नाही.

आणि नळी बसली म्हणजे सगळं चाललं असंही समजू नका. निकॉनच्या बऱ्याच जुन्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर नसते. बॉडीतली मोटर एका बारीक स्क्रूने लेन्स फिरवते. निकॉनच्या स्वतःच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये ती मोटर नाही. लेन्स बसते, चित्र येतं, पण फोकस हाताने करावा लागतो. निवांत देखावा टिपणाऱ्याला चालेल. सप्तपदी टिपणाऱ्याला नाही.

इथे निकॉनच्या एफ माऊंटबद्दल एक शब्द. १९५९ पासून तेच माऊंट, असं अभिमानाने सांगितलं जातं. कडी तीच राहिली, हे खरं. पण आत १९७७ मध्ये अ‍ॅपर्चर कळवण्याची पद्धत बदलली, पुढे स्क्रूचा ऑटोफोकस आला, मग लेन्समधली मोटर आली, मग अ‍ॅपर्चरची रिंग गेली. २००६ च्या डी४० मध्ये तर बॉडीतली मोटरच नव्हती. नाव एक, रूप एक, आत पाच पिढ्या. कोणती लेन्स कोणत्या बॉडीवर किती चालेल याचा तक्ता पंचांगासारखा बघावा लागे. उलट कॅननने १९८७ मध्ये जुनं एफडी माऊंट एका झटक्यात सोडलं. लोक संतापले, आणि त्यांचा संताप रास्त होता. पण नव्या ईएफमध्ये लेन्स आणि बॉडीचा सगळा संवाद पहिल्या दिवसापासून विजेवर होता. म्हणून आज त्या १९८७ च्या ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टरने आरएफवर ऑटोफोकससह चालतात. एकाने वचन पाळलं पण त्याला ठिगळं लावली. दुसऱ्याने वचन मोडलं पण नवं नीट लिहिलं. सातत्य म्हणजे नेहमीच सद्गुण, असं आम्ही म्हणणार नाही.

संयोग आणि समवाय

आता आमच्या विषयाकडे थोडं वळू द्या. वैशेषिक दर्शनात दोन वस्तूंच्या संबंधाचे दोन प्रकार सांगितलेत. एक संयोग. आधी वेगळ्या असलेल्या दोन गोष्टी एकत्र आल्या, उद्या पुन्हा वेगळ्या होतील. टेबलावर ठेवलेलं पुस्तक. दुसरा समवाय. असा संबंध की एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढताच येत नाही. धागे आणि कापड.

लेन्स आणि बॉडी यांचा संबंध कुठला? कोणीही म्हणेल, संयोग. बटण दाबा, फिरवा, काढा. अदलाबदल करता येणारी लेन्स असं तिचं नावच आहे.

आमच्याकडे एक जुनी रशियन लेन्स आहे, हेलिओस, ५८ मिलिमीटर एफ २. झेनिट कॅमेऱ्याबरोबर येत असे. तिला माऊंट कुठलं? साधा आट्याचा स्क्रू, ४२ मिलिमीटर व्यास, एक मिलिमीटरचा आटा. हेच माऊंट पूर्व जर्मनीच्या प्राक्टिकाला, हेच जपानच्या पेंटॅक्सला. साम्यवादी आणि भांडवलशाही देश एका आट्यावर एकत्र आले होते! ती लेन्स आज आमच्या पुतण्याच्या मिररलेसवर साध्या नळीने बसते. फोकस हाताने, अ‍ॅपर्चर हाताने, पण सगळं चालतं. तिला कोणाची परवानगी लागत नाही. हा शुद्ध संयोग.

आता एक नवी लेन्स घ्या. फोकसची रिंग फिरवली तर आतली काच हलत नाही. रिंग फक्त संदेश पाठवते, मोटर काच हलवते. वीज नाही तर रिंग नुसती गोल फिरते. अ‍ॅपर्चरही विजेवर. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे काही नव्या लेन्समध्ये चित्राच्या कडा वाकलेल्या येतात, आणि कंपनीने ते जाणूनबुजून तसं ठेवलेलं असतं. कारण कॅमेऱ्यातला संगणक ते सरळ करून देणार असतो. कॅननची आरएफ १६ मिलिमीटर एफ २.८ हे याचं उदाहरण. आरशाच्या कॅमेऱ्यात हे लपलं नसतं, डोळ्याला वाकडं दिसलं असतं. मिररलेसच्या पडद्यावर मात्र आधीच सरळ केलेलं चित्र येतं. त्यामुळे लेन्स लहान आणि स्वस्त होते, हा पहिला रकाना. दुसरा रकाना असा, की ती लेन्स स्वतः पूर्ण नाही. तिचा उरलेला अर्धा भाग बॉडीच्या संगणकात राहतो. तो काढून घेतला तर लेन्स अपुरी.

म्हणजे बघा, बाहेरून संयोग दिसतो, बटण दाबून लेन्स निघते. पण आतून संबंध समवायाकडे सरकलाय. आमच्या मते मिररलेस युगातला खरा बदल हा आहे. आरसा जाणं ही त्यामानाने किरकोळ घटना. आणि याची चर्चा दुकानात होत नाही.

भोकांचं राजकारण

हे नवं नाही, हे सांगण्यासाठी जरा मागे जाऊ. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले. येताना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला, कोडॅकची कच्ची फिल्म मागवली, आणि सोबत एक यंत्र घेतलं, फिल्मला भोकं पाडायचं. कारण तेव्हा फिल्म कडेला भोकं न पाडता मिळत असे. घरी अंधारात ती भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई करत. आता विचार करा, कॅमेरा इंग्लंडचा, फिल्म कोडॅकची, भोकं दादरच्या घरात पाडलेली, आणि ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये, तिथलं यंत्र आणखी कोणाचं. हे सगळं जुळलं कसं? कारण ३५ मिलिमीटरची पट्टी आणि एका चौकटीला चार भोकं, हा मेळ तोवर सगळीकडे रुळला होता. ती भोकं म्हणजे त्या काळचं माऊंट.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांना कॅमेरा परवडेना. त्यांनी आणि आनंदराव पेंटरांनी यंत्र समजून घ्यायला सुरुवात केली. आनंदराव मध्येच गेले. मग बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास कॅमेरा घडवलाच. १९२० चा 'सैरंध्री' महाराष्ट्र फिल्म कंपनीने काढला. कोल्हापूरचा कारागीर हे का करू शकला? हुशारी होतीच. पण त्याच्या यंत्राला ज्याच्याशी जुळायचं होतं ते माप उघड होतं. फिल्म हातात घेऊन मोजता येत होतं.

आज कोल्हापूरचा किंवा नगरच्या एमआयडीसीतला कारागीर लेथवर माऊंटची कडी बनवू शकेल का? शकेल. काम नाजूक आहे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चूक झाली तर फोकस हलतो, पण शकेल. त्याला जमणार नाही ती गोष्ट वेगळीच. लेन्स आणि बॉडी विजेच्या टोकांतून एकमेकींशी जे बोलतात ती भाषा कंपनीच्या कुलपात असते. पितळ मोजता येतं, करार मोजता येत नाही.

सगळ्या कंपन्या सारख्या वागल्या असं नाही. सोनीने २०११ मध्ये ई माऊंटची मूलभूत माहिती इतर उत्पादकांना शुल्क न घेता द्यायचं ठरवलं. आज त्या माऊंटला सिग्मा, टॅमरॉन अशा इतरांच्या लेन्स भरपूर मिळतात, त्याचं एक कारण हे. तरी तिथेही सोनीच्या वेगवान बॉडीवर इतरांच्या लेन्सला सेकंदाला १५ फोटोंची मर्यादा आहे. दार उघडं, पण माजघरात प्रवेश नाही. लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी २०१८ मध्ये एल माऊंट वाटून घ्यायचा करार केला. कॅननने मात्र आरएफ बराच काळ मिटून ठेवलं. २०२२ मध्ये एका चिनी उत्पादकाला आरएफच्या ऑटोफोकस लेन्स बाजारातून काढाव्या लागल्या. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला परवाने मिळाले, तेही लहान सेन्सरच्या लेन्सपासून सुरुवात करत.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. त्या म्हणतात, लेन्समधली आणि बॉडीतली हात-हलणं-सावरणारी यंत्रणा एकत्र चालवायची तर दोघांत फार घट्ट मेळ लागतो. बाहेरच्याने अंदाजाने भाषा शिकून लेन्स केली आणि ती बिघडली तर नाव आमचं जातं. यात तथ्य आहे. पण घट्ट मेळासाठी भाषा गुप्तच ठेवली पाहिजे हे त्यातून निघत नाही. काटेकोर भाषा उघडही असू शकते. चार भोकांचा नियम काटेकोर होता आणि तरी सर्वांचा होता.

आपण ज्या गावात बसलोय तिथे ११ मार्च १७९५ ला लढाई झाली. निजाम मागे हटून खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. भिंती भक्कम होत्या. पण मराठ्यांनी वेढा घातल्यावर त्याच भिंतींनी त्यालाच कोंडलं, आणि त्याला तह करावा लागला. बंद माऊंटची भिंत इतरांना बाहेर ठेवते हे कंपनीला दिसतं. तिच्या आत कोण कोंडला जातो? कंपनी नव्हे. आपल्या या मित्रासारखा गिऱ्हाईक.

मग करायचं काय?

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सगळ्या लेन्स विकू नकोस. आधी एकेक लेन्स हातात घेऊन बघ, तिच्यात स्वतःची मोटर आहे का. ज्यांच्यात आहे त्या कंपनीच्याच अ‍ॅडॉप्टरवर बहुधा नीट चालतील. जिच्यात नाही ती जुन्या बॉडीवर राहू दे, आणि जुनी बॉडी दुसरा कॅमेरा म्हणून ठेव. लग्नात दोन कॅमेरे असले की वरातीच्या धुळीत लेन्स बदलायची वेळ येत नाही.

नवी बॉडी घेण्याआधी एक दिवस भाड्याने आण आणि तुझ्या स्वतःच्या लेन्स लावून खऱ्या मांडवात काम कर. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको. एलईडीखाली पट्टे येतात का बघ, संध्याकाळपर्यंत किती बॅटऱ्या संपल्या ते मोज. नवी लेन्स घ्यायचीच झाली तर जी तुझ्याकडे नाही तीच घे. आणि घेताना विचार, हे माऊंट आणखी किती जण बनवतात? उद्या या कंपनीने पाठ फिरवली तर ही लेन्स कुठे जाईल?

शेतकऱ्याच्या घरात तू वाढलास, म्हणून तुला पटेल असं सांगतो. बॉडी ही बैलासारखी, दहा वर्षांत थकते, बदलावी लागते. लेन्स जमिनीसारखी होती, बापाकडून मुलाकडे जायची. आमची हेलिओस अशीच पुतण्याकडे जाईल. नव्या लेन्स अधिक तीक्ष्ण आहेत, अधिक चपळ आहेत, आम्ही ते मान्य करतो. पण त्या वारसा म्हणून देता येतील का, याचा निकाल त्यांच्या काचेवर लागणार नाही. तो कंपनीच्या इच्छेवर लागेल. या यंत्रावर आमचा मुख्य आक्षेप एवढाच आहे. आरसा काढला त्याबद्दल तक्रार नाही. आरशाबरोबर लेन्सची स्वतंत्र मालकीही हळूच काढून घेतली जातेय, आणि दुसऱ्या रकान्यात ते कोणी लिहीत नाही.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ, आणि आज खुर्च्या उचलायची घाई करू नका.